सहा पॉइंटातला सूड

रविवार, २४ ऑगस्ट

आजपासून रोजनिशी. सूड घ्यायचा तर रेकॉर्ड हवं.

घटना अशी. बाड हॉम्बुर्गच्या आमच्या मराठी मंडळाच्या फोरश्टांडची, म्हणजे कार्यकारिणीची, बैठक झाली आणि दिवाळी अंकाचं संपादकपद माझ्याकडून काढून सत्यजित ओगलेला दिलं. सत्यजितला! तीन वर्षांपूर्वी जर्मनीत आलेला माणूस. फ्रांकफुर्टला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत आहे. अजून पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दुकानात परत न करता कचऱ्यात टाकतो. हा अंक काढणार.

अध्यक्ष विभावरीताई गोड आवाजात म्हणाल्या की विलासराव, सहा वर्षं तुम्ही खूप केलंत, आता जरा आराम करा. मी आराम मागितला होता का? मग म्हणाल्या की तुम्ही अंकाची तांत्रिक बाजू बघा. टाळ्या वाजल्या. ऊर्मिलानेही वाजवल्या. माझी सख्खी बायको. नोंद घेतली आहे.

मी शांतपणे बटाटेवडे खाल्ले. त्यांना काय ते कळलं असेल.

खरा प्रश्न आईचा. आई साताऱ्याला असते. अंक पोचला की पहिलं पान उघडते, 'संपादक: विलास पोंक्षे' यावर बोट ठेवते आणि शेजारच्या शैलाकाकूंना बोलावून दाखवते. या वर्षी बोट कशावर ठेवणार? आज फोनवर विचारत होती की अंक कुठवर आला. म्हटलं, जोरात चालू आहे.

संकल्प: आईच्या हातात अंक पडेल तेव्हा त्यात माझं नाव असेल आणि सत्यजितचं दिसणार नाही. कसं, ते उद्या ठरवतो. उद्या ऑफिसात ऑडिट आहे. वीकेंडला ठरवतो.

गुरुवार, २८ ऑगस्ट

सत्यजितने अख्खा अंक एका ऑनलाइन एडिटरमध्ये हलवला. मी सहा वर्षं वर्डमध्ये काढला. फोटो थोडे इकडचे तिकडे जायचे, एका वर्षी अनारशांच्या कृतीत श्रद्धांजली घुसली, पण लोक समजून घ्यायचे.

नव्या एडिटरमध्ये म्हणे सगळे एकाच वेळी लिहितात. तिरकी रेघ टाइप केली की यादी उघडते, त्यातून मथळा, फोटो, तक्ता काय हवं ते निवडायचं, ते तिथे येऊन बसतं. शिवाय स्वतःचे घटकही बनवता येतात. कवितेची चौकट एकदा करून ठेवली की कोणीही यादीतून ती निवडावी आणि आत कविता ओतावी. सत्यजितने विचारलं की असे घटक बनवून द्याल का, कवितेचा, पाककृतीचा, लेखाचा, फूटरचा. पुढे हात जोडल्याचं चित्र.

म्हणजे मी आता याच्या हाताखाली चौकटी पाडायच्या.

संध्याकाळी. एस-बान पस्तीस मिनिटं लेट. फलाटावर उभा असताना डोक्यात प्रकाश पडला. अंकातली प्रत्येक ओळ माझ्या चौकटीत बसणार. म्हणजे नाड्या माझ्या हातात. होकार कळवला. वर एक स्मायली पण टाकला, संशय येऊ नये म्हणून.

रविवार, ३१ ऑगस्ट

सूड क्रमांक एक अमलात.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. बावीस वर्षं व्हॉल्व्हमध्ये काढली. आमच्या कंपनीत कुठल्याही पार्टला नाव नसतं, नंबर असतो, आणि नंबर माहीत नसलेला माणूस स्टोअरमधून वॉशरसुद्धा काढू शकत नाही. त्याच पद्धतीने घटक नोंदवले. कवितेची चौकट: व्हीपी-०४-बी. पाककृती: व्हीपी-११-ए. फोटो आणि ओळ: व्हीपी-०७, रिव्हिजन दोन. व्हीपी म्हणजे विलास पोंक्षे, हे सांगायला नकोच. कोणालाही काहीही सापडणार नाही. सगळे मला फोन करणार. मी तिसऱ्या रिंगशिवाय उचलणार नाही.

ही रोजनिशीही त्याच एडिटरमध्ये हलवली. हाताला सवय राहील. पानाला कुलूप आहे. माझ्याशिवाय कोणी उघडू शकत नाही.

मंगळवार, २ सप्टेंबर

फोन नाही.

गुरुवार, ४ सप्टेंबर

फोन नाही. ऊर्मिलाच्या फोनवरून स्वतःला लावून पाहिला. लागतो.

शनिवार, ६ सप्टेंबर

मंडळाच्या गणपतीचं विसर्जन. विभावरीताईंच्या बागेत, मोठ्या टबात. तिथे कळलं की फोन का येत नाही. सत्यजितची बायको ऋचा हिने एका दुपारी सगळ्या घटकांची नावं बदलली. आता यादीत 'कविता', 'पाककृती', 'फोटो' असं येतं. मलाच सांगत होती की काका, चौकटी मस्त आहेत, फक्त नावं औषधांसारखी वाटत होती.

काका! मी एकावन्नचा आहे.

आणखी तिघांनी चौकटींचं कौतुक केलं. थँक्यू म्हणावं लागलं. शत्रूच्या कामाला आलो. प्रसादाचे मोदक दोनदा घेतले.

मंगळवार, ९ सप्टेंबर

गेला आठवडा सराव समजू. खरं युद्ध आज.

अंक छापणारा प्रेसवाला कोलोनचा. त्याच्याशी चौसष्ट पानं ठरली आहेत. एक जास्त नाही, एक कमी नाही. मी 'लेख' नावाच्या घटकात शिरलो आणि अक्षर नऊ पॉइंटाचं चौदा केलं. दोन ओळींत भरपूर हवा. समास ऐसपैस. एक क्लिक, आणि अख्खा अंक पुरीसारखा फुगला. एकोणऐंशी पानं! आता सत्यजितला लेखांना कात्री लावावी लागणार. मंडळातल्या लेखकांना मी सहा वर्षं ओळखतो. एका बाईंच्या स्वित्झर्लंड सहलीतला एक परिच्छेद मी कापला, तर आजतागायत त्यांनी आम्हाला तिळगूळ दिलेला नाही. सोलून काढतील पोराला.

मग फूटर. प्रत्येक पानाच्या तळाशी मंडळाचं नाव आणि 'संपादक: सत्यजित ओगले' असं यायचं आहे. प्रत्येक पानाच्या! मी सहा वर्षांत फक्त पहिल्या पानावर होतो. म्हटलं, घे बाबा. सहा पॉइंट. फिकट राखाडी. पानावर धूळ बसल्यासारखं दिसतं. हा घटक जोडलेल्या प्रकारचा केला आहे, म्हणजे एका ठिकाणी बदल केला की सगळीकडे बदलतो. कार्यकारिणीला आकृती काढून समजावून दिलं. रंगाबद्दल विचारलं तेव्हा म्हणालो, मिनिमल डिझाइन. सत्यजित म्हणाला की टोल, म्हणजे झकास.

स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव पुसायला हो म्हणाला. मला जवळजवळ दया आली.

रविवार, १४ सप्टेंबर

सत्यजितने कोणाचाही परिच्छेद कापला नाही. एकच लेख अख्खा काढला. सगळ्यात लांब होता. पंधरा पानं.

'एका व्हॉल्व्हची आत्मकथा.' माझा.

एकोणऐंशी वजा पंधरा, चौसष्ट. तोंडी हिशेब आहे, मला आधी सुचायला हवा होता. फोन करून फार सॉरी म्हणत होता. म्हणाला, लेख इतका घट्ट विणलेला आहे की एक ओळ काढली तर उसवेल, म्हणून पुढच्या वर्षी सन्मानाने पूर्ण घेऊ. मी म्हटलं, आल्झो, म्हणजे बरं तर, काही हरकत नाही. मग बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. इथे रविवारी आवाज करायला बंदी असल्यामुळे ओरडता आलं नाही. खालच्या मजल्यावरचे श्नायडर लगेच तक्रारीची चिठ्ठी लावतात.

ऊर्मिला म्हणाली की बरं झालं, आता मला तो निवांत वाचता येईल. जूनपासून तिच्याकडेच आहे.

आईचा फोन. अंक कुठवर आला? जोरात.

शनिवार, २० सप्टेंबर

अन्वीला (कन्या, वय पंधरा) सगळा अन्याय पहिल्यापासून सांगितला. मराठीत, उदाहरणांसह. तिने ऐकून घेतलं आणि जर्मनमध्ये उत्तर दिलं. फ्राग इन डोख आइनफाख. म्हणजे, त्याला सरळ विचारा ना. माझंही नाव घाल म्हणून सांगा, एवढंच तिचं म्हणणं.

इथल्या शाळांत सूड शिकवतच नाहीत. मागून मिळालेलं नाव घ्यायला मी सातारा सोडला नाही, असं तिला सांगितलं. तिने कानात हेडफोन घातले होते.

सोमवार, २९ सप्टेंबर

वजन अडीच किलो वाढलं. याला जबाबदार सत्यजित.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

राष्ट्रीय सुट्टी. अंतिम योजना तयार. इतकी सोपी आहे की हसू येतं.

रविवारी अंक कोलोनला जाणार. पाठवायच्या पाच मिनिटं आधी मी फूटरच्या घटकात शिरणार आणि सत्यजितच्या जागी माझं नाव लिहिणार. जोडलेला घटक! एका ठिकाणी बदल, चौसष्ट पानांवर मी. सहा पॉइंट राखाडी कोण वाचतंय? छापून आल्यावर कळेल. तेव्हा मी म्हणणार, अरेच्चा.

आईसाठी चौसष्ट वेळा. शैलाकाकूंना दाखवता दाखवता बोट दुखेल तिचं.

आज सराव. आत्ता कार्यकारिणीची ऑनलाइन मीटिंग चालू आहे, शेवटचं प्रूफ बघण्यासाठी. माझा माइक बंद, कॅमेरा बंद. मुखपृष्ठावरच्या रांगोळीत ठिपके किती, यावर वीस मिनिटं गेली. मीटिंगची खिडकी झाकून ही रोजनिशी उघडून बसलो आहे. इथेच खाली फूटरचा घटक घालून बघतो. रोजनिशीला कुलूप आहे, इथलं बाहेर जात नाही.

संपादक: विलास पोंक्षे

वा! अक्षरं जिथल्या तिथे बसली.

संपादक: श्री. विलास पोंक्षे, बी. ई.

हे जास्त होईल. नको.

तिकडे फूटरचा विषय निघाला वाटतं. विभावरीताई म्हणतायत की खालची ओळ दिसतच नाही. सत्यजित म्हणतोय की थांबा, झूम करून मोठं करून दाखवतो. कर बाबा. कितीही मोठं कर, तुझं नाव आता दोन दिवसांचं पाहुणं.

संपादक: विलास पोंक्षे. सत्यजित ओगले: चहा आणि खुर्च्या

हा हा. हे छापता आलं असतं तर काय मजा आली असती.

मीटिंगमध्ये विभावरीताई विचारतायत की हे कोण टाइप करतंय. असेल कोणी तरी मूर्ख. प्रत्येक मीटिंगला एक असतोच.

संपादक: विलास पोंक्षे. सत्यजित ओगले: चहा, खुर्च्या आणि रिकाम्या बाटल्या

कोणीतरी हसलं. ऋचा असावी. आता विभावरीताई माझं नाव घेतायत. मी तर काही बोललोच नाही.

ऊर्मिला स्वयंपाकघरातून तीच मीटिंग ऐकत होती. ती दारात येऊन उभी आहे.

संध्याकाळी

कुलूप बाहेरच्याने आत येऊ नये म्हणून असतं. आत लिहिलेलं जोडलेल्या घटकातून बाहेर जाऊ नये म्हणून नसतं. अन्वीने हे एका वाक्यात सांगितलं. व्हॉल्व्ह बंद होता, पण पाइपला दुसरी शाखा होती. बावीस वर्षं दुसऱ्यांना हेच शिकवतोय.

म्हणजे मोठ्या केलेल्या पडद्यावर, चौदा जणांसमोर, मी लिहिलेलं एकेक अक्षर.

सत्यजित सगळ्यात जास्त हसला. हे मी विसरणार नाही. रागावला असता तर मला बाजू मांडता आली असती. म्हणाला की खुर्च्या तर मी लावतोच, चहाचं जरा शिकावं लागेल. बाटल्यांबद्दल म्हणाला की गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, ते चुकतं माझं.

विभावरीताई हसल्या नाहीत. त्यांनी डॉक्युमेंटमधला माझा हक्क बदलला. माझ्या नावापुढे आता लिहिलं आहे: फक्त वाचक.

शनिवार, ४ ऑक्टोबर

सत्यजितचा मेसेज. जुना फूटर परत आणला म्हणतो. पुढे बरंच काही लिहिलं आहे. वाचलं नाही. म्यूट केला.

फूटरची चौकट वर तशीच पडली आहे. त्याने तिकडे बदल केला की माझ्या रोजनिशीतही बदलत असणार. माझ्याच घरात त्याचं नाव! मी तिच्याकडे बघत नाही. पुरावा म्हणून ठेवली आहे.

रविवार, ५ ऑक्टोबर

अंक कोलोनला गेला. पाहत बसलो होतो. वाचक म्हणून.

आई म्हणाली की शैलाकाकूंना सांगून ठेवलंय. मी जोरात म्हणालो नाही. म्हटलं, होईल.

शनिवार, १८ ऑक्टोबर

अंकाचं प्रकाशन. गेलो नाही. अंगात कणकण होती. थर्मामीटर ऐकत नव्हता, पण होती.

ऊर्मिला आणि अन्वी जाऊन आल्या. ऊर्मिलाने अंक माझ्यासमोर ठेवला आणि सांगितलं की खाली बघा. खाली काही नव्हतं. म्हणाली की अहो, पानाच्या खाली. खिडकीशी गेलो. चष्मा कपाळावर चढवला. पान नाकाशी धरलं.

'संपादक: सत्यजित ओगले. घटक आणि मांडणी: विलास पोंक्षे.'

दुसऱ्या पानावर तेच. तिसऱ्यावर तेच. शेवटपर्यंत उलटत गेलो. प्रत्येक पानावर मी आहे.

आता त्याचा मेसेज उघडून वाचला. लिहिलं होतं की काका, तुमचं नाव घालायला मीच विसरलो होतो, चूक माझी, फूटरमध्ये जोडतोय, चालेल ना. चार ऑक्टोबरचा मेसेज. इथे वर रोजनिशीतली चौकट पाहिली. तीही त्या दिवसापासून तेच सांगत होती.

बरं वाटलं. मग राग आला, कारण बरं वाटलं होतं. थोडा वेळ कोणावर रागवावं ते कळेना. शेवटी कोलोनच्या प्रेसवाल्यावर रागावलो. राखाडी शाई मी दिली होती त्याहून फिकट लागली आहे. मेल लिहायला घेतला आहे.

सोमवार, २० ऑक्टोबर

ऊर्मिलाचा मामेभाऊ कपिल साताऱ्याला चालला आहे. त्याच्याबरोबर आईला अंक दिला, चॉकलेटं दिली. फोन करून सांगितलं की या वर्षी पहिल्या पानावर बघू नकोस, या वर्षी प्रत्येक पानावर आहे. ती खूश. एवढं नाव आजवर कोणाचं आलं नसेल म्हणाली.

मीही खूश. हिशेब केला तर सूड पूर्ण झाला. तो चौसष्ट वेळा, मी चौसष्ट वेळा. बरोबरी. आणि मांडणी हा शब्द संपादकापेक्षा भारदस्तच आहे.

संकल्प: सत्यजितला माफ करणे. जमल्यास डिसेंबरात.

रविवार, २ नोव्हेंबर

आईचा व्हिडिओ कॉल. अंक मिळाला.

मी विचारायच्या आधीच म्हणाली की अंक अतिशय सुंदर, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. स्वित्झर्लंडची सहल दोनदा वाचली. अनारसे करून पाहिले. शैलाकाकूंनी मध्येच मागितला तर दिला नाही, म्हणाली की माझा व्हायचाय. अशी कधी बोलत नाही आई. मी खुर्चीत नीट बसलो.

मग म्हणाली की पण तुझं नाव कुठे आहे, सापडलं नाही. म्हटलं, प्रत्येक पानाच्या तळाशी बघ. तिने पान फोनसमोर धरलं, मग डोळ्यांसमोर धरलं, मग शैलाकाकूंना हाक मारली. शैलाकाकू भिंग घेऊन आल्या. दोघींचं बराच वेळ चाललं होतं, मला नुसतं छत दिसत होतं. शेवटी शैलाकाकू म्हणाल्या की नाव कुठलं, रेघ आहे ती.

आई म्हणाली, असू दे, वाईट वाटून घेऊ नकोस. या वेळी दुसऱ्या कोणी तरी केलाय हे तिला अंक उघडताच कळलं होतं. कसं, तर वाचता आला. माझ्या वेळची अक्षरं मुंगीएवढी, डोळ्यांत पाणी यायचं. सहा वर्षं ती फक्त माझं नाव बघून अंक देवघराच्या कपाटात ठेवून देत होती. एकही वाचला नव्हता. ज्या मुलाने अक्षरं मोठी केली त्याला माझा आशीर्वाद सांग, म्हणाली. म्हाताऱ्या माणसांचा विचार करणारं कोणी तरी आहे म्हणायचं तिकडे.

मला राहवलं नाही. म्हटलं, आई, अक्षरं मीच मोठी केली. चौदा पॉइंट. माझाच घटक आहे तो.

तिने विचारलं की मग सहा वर्षं का नाही केलीस?

मी म्हटलं, आवाज तुटतोय. तिचा आवाज स्वच्छ येत होता. तिने पुन्हा विचारलं. मी फोन ठेवला.